इलेक्ट्रिक गिटारवाल्याचा सूड

९ ऑक्टोबर १९९५, सोमवार. सकाळी ६.१०

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सूड घ्यायचा, एवढं नक्की. कसा, ते चहा झाल्यावर.

राग ताजा आहे तोवर लिहून ठेवतो, कारण मी फार पटकन क्षमा करतो. काल सोसायटीची कोजागिरी. गच्ची भरलेली, दूध उकळतंय, आणि मी माझ्या लाल इलेक्ट्रिक गिटारवर सोलो वाजवतोय. तीन मिनिटांचा ठरला होता, नववं मिनिट चालू होतं, कारण लोक भारावून गप्प बसले होते. तेवढ्यात आमचे चेअरमन कमळाकरशेठ ओरडले की लायटी बंद करा रं, चंद्र दुधात दिसू द्या. हौसेराव वायरमनने मेन स्विच खाली ओढला. दरवर्षीची पद्धत आहे, मान्य. पण सोलोच्या मध्ये? अँप्लिफायर जागच्या जागी मेला. माझी बोटं तारांवर नाचतायत आणि आवाज कानाशी डास गुणगुणावा एवढा.

वर कमळाकरशेठ सगळ्यांसमोर म्हणाले की नंदूभाऊ, लायट गेली तं तुमचा वाजा मुका, मंग ह्यो वाजा तुमचा हाय का एमएसईबीचा? लोक हसले. दूध ढवळणाऱ्या बायका हसल्या. पाचव्या मजल्यावरचे, मी ज्यांचा गॅस नंबर लावून देतो, तेसुद्धा हसले.

आणि मग त्यांचा पुतण्या विपुल. वय बावीस, मिशी अजून धड नाही. कोपऱ्यातून साधी लाकडी गिटार काढली आणि वाजवायला लागला. अख्खी गच्ची गायला लागली. माझी स्वतःची बायको सुचित्रा गायली! दहा वर्षांत माझ्या एकाही सोलोला गायलेली नाही. माझी स्वतःची मुलगी अबोली, वय वर्षं नऊ, पुढे बसून टाळ्यांनी ताल धरत होती.

शेवटी विपुल माझ्याकडे आला आणि गोड आवाजात म्हणाला की अंकल, इलेक्ट्रिकवाल्यांनी घरी एक अकूस्टिक पण ठेवायला पाहिजे, टेन्शन नाय राहत. अंकल! मी छत्तीसचा आहे.

प्रतिज्ञा: अकूस्टिक म्हणजे भोक पाडलेलं खोकं. ते माझ्या घरात येणार नाही म्हणजे नाही. आणि ह्याच गच्चीवर विपुलचं नाक कापीन तेव्हाच दूध पिईन.

डायरीच्या शेवटच्या पानावर शत्रूंची यादी केली. १. विपुल. २. कमळाकरशेठ. ३. हौसेराव. ४. चंद्र. (चौथा नंतर खोडला.)

८.४० – चहा झाला. योजना अजून नाही. कंपनीची बस चुकली.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सुचित्राने विचारलं की तोंड का पाडलंय. सांगितलं. ती म्हणाली की घ्या की एक साधी, तेवढंच लाईटबिल वाचेल. यादीत चौथी जागा रिकामीच होती. पेन्सिलीने लिहिलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

रबाळ्याच्या आमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारी असते. सुचित्रा बँकेत, अबोली शाळेत. सुडासाठी याहून निवांत दिवस नाही.

शारीरिक सूड मला शोभत नाही. वैचारिक घेतला. चार फुलस्केप पानं: ‘इलेक्ट्रिक गिटारवाल्याने अकूस्टिकही बाळगावी काय? – एक जाहीर चिंतन’. मुख्य मुद्दा बिनतोड आहे. ज्याच्याकडे मोटार आहे त्याने दारात बैलगाडीही बांधून ठेवावी काय? ट्यूबलाईटवाल्याने घरात मेणबत्ती ठेवावी काय, असाही एक मुद्दा होता. मग आठवलं की ठेवतोच. खोडला.

दुपारी नोटीस बोर्डावर टाचण्या मारून लावलं. आता बघू.

१५ ऑक्टोबर, रविवार

चिंतनाखाली कोणीतरी बॉलपेनने लिहिलंय: ‘बी विंगला पाणी कधी येणार?’ त्याखाली तीन सह्या. चर्चा पेटली आहे.

१८ ऑक्टोबर, बुधवार

सगळं वाचणारा सोसायटीत एकच माणूस निघाला. विपुल. जिन्यात भेटून म्हणाला की अंकल, एक नंबर लिहिलंय, झेरॉक्स मिळेल का? माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो! झेरॉक्स दिली. पण तिसरं पान मुद्दाम काढून घेतलं. बस म्हणावं शोधत.

१६ जून १९९६, रविवार

डायरी मध्ये आठ महिने बंद होती. राग चालू होता.

आज हद्द झाली. कमळाकरशेठचा आमच्या बिल्डिंगखालचा गाळा रिकामा आहे. त्यांची इथे पूर्वी भातशेती होती, आता गाळे आहेत. तिथे विपुलने दर रविवारी पोरांना गिटार शिकवायला सुरुवात केली. आठ पोरं, आठ लाकडी खोकी, आणि वर खिडकीत मी. निनावी तक्रार लिहिली: ‘एक त्रस्त सभासद’. डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.

२३ जून, रविवार

कमिटीची मीटिंग. तक्रार मोठ्याने वाचली गेली. वातावरण गंभीर. मी सर्वांत गंभीर. मग कमळाकरशेठ म्हणाले की कोनी लिवलंय म्हाईत नाय, पन म्यूझिकमदला आपल्यात येकच जानकार मानूस हाय, नंदूभाऊ. तेंनाच पाठवा तपासायला. नाही म्हणायला तोंड उघडलं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडल्या की मला नाही म्हणता येत नाही. हा माझा एकमेव दोष.

बरं झालं. शत्रूच्या गोटात अधिकृत प्रवेश.

३० जून, रविवार

तपास केला. घड्याळ, वही आणि साक्षीदार म्हणून अबोली. विपुलने मला खुर्ची दिली, पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं, कटिंग मागवला. ही लाच. तशी नोंद केली. (चहा चांगला होता.)

अर्ध्या तासात त्याने साक्षीदाराच्या मांडीवर गिटार ठेवली. मी आवाजाची वेळ लिहीत होतो, मान वर केली तर अबोलीचे दोन कॉर्ड वाजत होते. एकातून दुसऱ्यात जायची आणि खुदकन हसायची. रक्त माझं आहे, प्रश्नच नाही. पण फितुरी कोणाची?

अहवाल: ‘त्रास आढळला. किती, हे ठरवण्यास अधिक तपास आवश्यक.’

घरी येताना अबोली म्हणाली की बाबा, मी दर रविवारी येऊ? म्हटलं, घरात बाप गिटारिस्ट असताना तू त्या पोराकडे शिकणार? ती म्हणाली की पण तुमची लाईटवर चालते ना. हे वाक्य तिचं नाही. हे कुठून आलं ते मला बरोबर कळतं.

आता हा सूड माझ्या एकट्याचा राहिला नाही. त्याने माझा सोलो घेतला, गच्ची घेतली, ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. (नसतं.) पण माझी पोरगी मी त्याला घेऊ देणार नाही. ती शिकेल तर माझ्याकडे. लोकांनी विचारलं की कोणाकडून शिकलीस, तर तिने माझं नाव सांगायला हवं. बस.

७ जुलै, रविवार

अबोलीचा पहिला धडा, लाल गिटारवर. पट्टा गळ्यात घातला तर गिटार तिच्या गुडघ्यापर्यंत. दोन मिनिटांत म्हणाली की खांदा दुखतो. सहनशक्ती हा पहिला धडा, असं सांगितलं. अँप्लिफायर लावला, तिने तारेला हात लावला आणि किंचाळली. मुंग्या आल्या म्हणे. बिल्डिंगचं अर्थिंग हौसेरावने केलंय, त्यात माझा काय दोष?

सुचित्राने स्वयंपाकघरातून येऊन स्विच बंद केला आणि पोरीला गिटारमधून सोडवलं. म्हणाली की आजपासून ह्या वस्तूला ती हात लावणार नाही, तिला खाली विपुलकडे घालायची. मी गरजलो. पूर्ण चाळीस मिनिटं गरजलो. शेवटी पैज मारली: येत्या कोजागिरीला, लाईट बंद झाल्यावर, मी गच्चीवर एक अख्खं गाणं वाजवून दाखवीन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. जमलं तर अबोली माझ्याकडे शिकेल. नाही जमलं तर मी स्वतः तिला हात धरून विपुलच्या क्लासला नेऊन सोडीन.

सुचित्रा बरं म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली. अबोलीने कॅलेंडरवर शोधून २६ ऑक्टोबरभोवती लाल गोल काढला. तिलाही उत्सुकता आहे.

१२ जुलै, शुक्रवार

आज एक अकूस्टिक ताब्यात घेतली.

खरेदी म्हणत नाही. शत्रूचं हत्यार अभ्यासासाठी जप्त केलं आहे. वाशीच्या दुकानदाराने विचारलं की कोणासाठी. भाच्यासाठी म्हटलं, अगदीच नवशिका आहे. चादरीत गुंडाळून रिक्षाने आणली. वॉचमनने विचारलं तर इस्त्रीचं टेबल म्हणून सांगितलं. माळ्यावर गणपतीच्या मखरामागे ठेवली.

प्रतिज्ञा मोडली का? नाही. प्रतिज्ञा ‘घरात’ अशी होती. माळा फ्लॅटच्या एरियात धरत नाहीत. ॲग्रीमेंट काढून पाहिलं.

१९ जुलै, शुक्रवार

गुप्त सराव. ९.३० ते ९.५०.

तारा आहेत की कुंपण? इलेक्ट्रिकवर बोट नुसतं टेकवलं की काम होतं. इथे दाबायचं, आणि मग आणखी दाबायचं. मध्येच लक्षात आलं की उजवा पाय जमिनीवर डिस्टॉर्शनची डबी शोधतोय. ती डबी पायाने दाबली की आवाज असा फाटतो की बरोबर काय आणि चूक काय ते समोरच्याला कळत नाही. अकूस्टिकला ती सोय नाही. मारला तो सूर तसाच्या तसा बाहेर. बोट अर्धं पडलं तर अर्धं पडलं म्हणून सांगते. चहाडखोर वाद्य आहे. विपुलला शोभतं.

२७ जुलै, शनिवार

चार बोटांना चार पट्ट्या. सुचित्राला सांगितलं की कंपनीत पत्र्याने कापलं. तिने हळद लावली आणि विचारलं की चारही एकदम? डाव्याच हाताची? हो म्हटलं. कंपनीत कामाचा लोड फार आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

गाणं निवडलं: तेच, जे विपुलने वाजवलं होतं. त्याच्याच गाण्याने त्याला मारायचा. एकच अडचण, दुसऱ्या ओळीत एफ कॉर्ड येतो. पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबायच्या. वाजत नाही. खट् असा आवाज येतो, लाकडावर नख मारल्यासारखा.

कारणं शोधली. दमट हवा. गिटारची मान वाकडी. दुकानदार हलकट. शिवाय आमच्याकडे रबाळ्याच्या बाजूने वारा आला की बोटं आखडतात, हे फार थोड्यांना माहीत आहे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पहिली ओळ पक्की. दुसरी ओळ एफपर्यंत पक्की. तिसऱ्या-चौथ्या ओळीला अजून हात लावला नाही, म्हणजे त्यांत एकही चूक नाही.

विचार केला. खरा कलाकार शत्रूच्या हत्याराने लढत नाही. ते म्हणतात लाईट गेली की मी मुका? मग लाईट जाऊ दे आणि माझी लाल गिटार गरजू दे! बॅटरीवर. कमळाकरशेठनी मेन स्विच ओढला की सगळीकडे अंधार, आणि अंधारात फक्त मी. विपुलची लाकडी टुणटुण त्यात ऐकूसुद्धा येणार नाही. हे सुचलं तेव्हा एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या मालतीबाईंनी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं.

२२ सप्टेंबर, रविवार

हौसेरावला यादीतून तात्पुरता काढला. कामाचा माणूस आहे. साताऱ्याकडचा, बोलायला मोकळा. म्हणाला की आवं सायेब, एवढंच व्हय, एपीएमसी मार्केटातनं टेम्पोची बॅटरी आणतो, इन्व्हर्टर माझ्याकडं पडून हाय, गच्ची हादरवून सोडू की. त्याला गुप्ततेची शपथ घातली. तो म्हणाला की आपण कुणाला सांगत नसतो. मग वॉचमनला सांगितलं.

२९ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११

सुचित्रा म्हणाली होती की पितृपक्षात नवीन काही काढू नका. मी अंधश्रद्धा मानत नाही.

बॅटरी आली. कांद्याचा वास मारत होती, पण दणकट. ती चार्ज करायला हौसेरावने गच्चीवरच्या पाण्याच्या पंपाची लाईन घेतली. मी गिटार लावली, डिस्टॉर्शन दाबलं. अँप्लिफायरमधून फक्त घुंऽऽ असा आवाज. मी काहीही वाजवलं तरी घुंऽऽ. हौसेराव म्हणाला की भारी वाजतंय. मग पंपाच्या पेटीतून धूर.

पंप जळाला. रविवार सकाळ, साडेनऊ. सदतीस फ्लॅट, तोंडाला साबण. आमच्याही घरात. सुचित्रा टॉवेल गुंडाळून दारात उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा बोललेली परवडते.

हौसेराव पुन्हा यादीत. या वेळी दुसऱ्या नंबरवर.

६ ऑक्टोबर, रविवार

कमिटीचा ठराव: गच्चीवर विजेचं कोणतंही उपकरण नेण्यास सक्त मनाई. सर्वानुमते. मी सोडून. आठ दिवस टँकरचं पाणी भरून लोकांचे हात भरून आलेत, त्यामुळे हात वर करताना त्यांना त्रास होत होता. तरी केले.

मीटिंगनंतर विपुल जवळ आला आणि म्हणाला की अंकल, कोजागिरीला माझी अकूस्टिक घ्या ना, बिनधास्त. दया दाखवतो! त्याच्या नावाखाली यादीत दोन रेघा मारल्या. दुसरी मारताना कागद फाटला.

आता उपाय एकच. माळ्यावरचं हत्यार. लोक म्हणतील, नोटीस बोर्डावर काय लिहिलं होतंस? म्हणू देत. तत्त्व मोठं आहे, पण त्याला अजून पुष्कळ आयुष्य आहे. कोजागिरीला वीसच दिवस उरलेत.

योजना दोन भागांत. भाग एक: विपुल आपली गिटार नेहमी गच्चीवर टाकीच्या भिंतीला टेकवून ठेवतो. लाईट जायच्या आधी तिच्या सगळ्या खुंट्या ढिल्या करायच्या. भाग दोन: लाईट गेली, तो वाजवायला बसला, बेसूर निघाला, लोक हसले, की मी खालून माझी घेऊन वर. अंधारातून चांदण्यात. एंट्रीचा सराव आरशासमोर केला. एंट्री उत्तम.

१२ ऑक्टोबर, शनिवार

उद्या घट बसणार म्हणून सुचित्राने घर झाडून काढलं. कामावरून आलो तर माळासुद्धा चकचकीत. आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पण ती काहीच बोलली नाही. चादर तशीच, मखर तसंच. म्हणजे दिसली नाही. लपवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

चमत्कार. आज गिटार काढली तर आपोआप सुरात होती. माझ्याकडून जी कधी लागत नाही ती जाड तारसुद्धा. लाकूड पिकतंय, दुसरं काय! एफ मात्र अजून खट्. पण सुरातला खट्.

घरातही वारं फिरलंय. सुचित्रा आठवडाभर गोड बोलतेय. काल न मागता भजी केली. अबोली माझ्याकडे बघते आणि तोंडावर हात ठेवून पळते. दोघींना माझा विजय जवळ आल्याचं जाणवलेलं दिसतं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटचा सराव. पहिली ओळ झकास. एफचं ठरवलं: ऐन वेळी जोशात लागेल. जोश सरावात आणता येत नाही.

उद्या. एक वर्ष सतरा दिवस वाट पाहिली. विपुल बाळा, ये.

२७ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ३

सकाळपासून लिहायला बसतोय. क्रमाने लिहितो.

भाग एक बिनचूक पार पडला. सगळे दुधाच्या पातेल्याभोवती होते. मी टाकीमागे जाऊन विपुलच्या गिटारच्या सहाही खुंट्या अडीच-अडीच वळसे ढिल्या केल्या. कोणी पाहिलं नाही. आयुष्यात इतकं सुख फार कमी वेळा झालंय.

पावणेनऊला कमळाकरशेठनी लायटी बंद करायला सांगितल्या. मी अंधारात जिना उतरून घरी. स्टुलावर चढलो, मखर बाजूला केलं. चादर होती. गिटार नव्हती.

पूर्ण माळा उपसला. मखर अंगावर आलं. चोरी! पहिला संशय अर्थात विपुलवर. तेवढ्यात वरून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. कसल्या टाळ्या? पळत वर गेलो.

मध्ये सतरंजीवर पाट मांडला होता. पाटावर अबोली, नव्या फ्रॉकमध्ये, कपाळाला कुंकू. तिच्या मांडीवर माझी गिटार. दांड्याला झेंडूचं फूल बांधलेलं. सुचित्रा निरांजन घेऊन तिला ओवाळत होती.

कोजागिरीला पहिल्या अपत्याला ओवाळतात, काहीतरी नवीन देतात. आमच्याकडे दरवर्षी देतात. हे मी विसरलो कसा? माळा झाडताना सुचित्राला गिटार सापडली, आणि ती मी अबोलीसाठीच लपवून ठेवली आहे असं तिने धरलं. दुसरं कोणासाठी असणार म्हणा, मी तर नोटीस बोर्डावर शपथेवर लिहिलं होतं. तिने विपुलला घरी बोलावून ती सुरातही लावून घेतली होती. आता सगळ्या गच्चीला सांगत होती की ह्यांनी कधीपासून लपवली होती हो, वरवर भांडत राहिले, पण लेकीसाठी आपला हट्ट सोडला.

लोक माझ्याकडे वळले आणि टाळ्या वाजवायला लागले. माझ्या डोक्यात मखराचा थर्माकोल. कमळाकरशेठनी मिठी मारली आणि म्हणाले की नंदूभाऊ, मानसाचं मन येवढं मोठं पायजे. टाळ्या पडल्या की मला नाही म्हणता येत नाही. मान हलवली.

मग विपुलने आपली गिटार घेतली. बेसूर. माझं काम चोख होतं! एक-दोन लोक हसलेही. तो म्हणाला की दवाने उतरली वाटतं, आणि अबोलीला विचारून माझी घेतली. आणि मग पूर्ण कार्यक्रम माझ्या गिटारवर वाजवला. अर्धा तास. मधूनमधून सांगत होता की काय टोन आहे, अंकलची चॉइस मानली पाहिजे. माझ्या सुडाचा प्रत्येक भाग बरोबर होता. एकूण तेवढं जमलं नाही.

शेवटी अबोलीनेच आठवण केली की बाबांची पैज आहे. गिटार माझ्या हातात आली. चांदणं चांगलं होतं. माझी बोटं सगळ्यांना दिसत होती.

पहिली ओळ वाजली. सुचित्रा गुणगुणली, मी स्वतः ऐकलं. दुसरी ओळ. एफ. खट्. पुन्हा घेतली. खट्. तिसऱ्यांदा. अबोली पुढेच बसली होती. टाळ्यांसाठी उचललेले हात तिने तसेच धरून ठेवले होते, ताल कधी सुरू होतोय ते बघत. मग हळूच मांडीवर ठेवले.

मी थांबलो. तिचा दिवस होता, तिच्यावरचं लक्ष मी ओढून घेणं बरं दिसलं नसतं. स्वतःहून थांबलो.

कोणी हसलं नाही. गेल्या वर्षी हसले होते, या वर्षी एकही नाही. हसले असते तर किती बरं झालं असतं! विपुलने तोंडानेच गाणं पुढे उचललं, लोक गायला लागले, दूध वाटलं गेलं. मी माझा पेला भरलेलाच खाली ठेवला. कोणाच्या लक्षात आलं नाही. खरं लिहायचं तर रडू येत होतं. रागाने.

झोपताना अबोलीने माझी बोटं उलटी करून पाहिली आणि विचारलं की पत्र्याने कापलं ते हेच ना. हो म्हटलं. तिने फुंकर घातली.

३ नोव्हेंबर, रविवार

शब्द म्हणजे शब्द. अबोलीला हात धरून खाली क्लासला नेलं. गिटार मी उचलली होती, ती तिने मागून घेतली.

विपुलने उठून खुर्ची दिली. शत्रूला जवळून पाहण्याची संधी आता दर रविवारी मिळणार आहे, त्या दृष्टीने विचार केला तर ही हार नाही. नवीन योजना: पोरगी तयार होईल, मोठी होईल आणि एक दिवस विपुलला मागे टाकेल. तो सूड कोणाचा? माझा. वेळ लागेल. आपण थांबू शकतो.

क्लासचा एक फॉर्म होता. अबोलीने कालच घरी शाईपेनने भरला होता, मी फक्त द्यायचा होता. दारात उभा राहून वाचला. नाव. इयत्ता. पत्ता. सगळं बरोबर, अक्षर सुरेख, पानावर एकही खाडाखोड नाही. सहावा प्रश्न: घरात कोणी गिटार वाजवतं का?

तिने लिहिलं होतं: नाही. पण गिटारी दोन आहेत.

दोनदा वाचलं. विपुलने विचारलं की अंकल, पेन देऊ का. खाली पालकाची सही राहिली होती. केली.